निळीचा रांजण आणि निळीची उचल



गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडावर एका लहान गांवचे उपदेशक मजकडे आले. त्यांच्या मंडळींतील सात-आठ कुटुंबांस कोणा व्यापाऱ्यानें सुचविलें होतें कीं, त्यांनीं आपल्या शेताच्या एकेका तुकड्यांत निळीचें पीक लावावें; बीं व कांहीं रक्कम तो आगाऊ देईल आणि पाला तोच घेऊन जाईल. त्याच कुटुंबांतील बायांचें म्हणणें निराळें होतें. पाला विकून हातीं काय राहणार? आपणच नीळ करूं, आपणच सूत व कापड रंगवूं, असें त्यांच्या मनांत होतें. उपदेशकांनीं मला विचारलें, "पाळकसाहेब, ह्यांतून काय करावें?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. सेमिनरींत मी ग्रीक शिकलों, थोडें इब्री शिकलों. परंतु निळीविषयीं तेथें मला कोणीं एक अक्षर शिकविलें नव्हतें. तेव्हां उपदेशकांस "एक हंगाम थांबा" एवढेंच सांगून मी चौकशीस लागलों. त्यानंतर जें वाचलें, जें एका वृद्ध निळाऱ्याच्या ओसरीवर बसून पाहिलें, आणि जें आपल्या हातानें बिघडविलें, त्यावरून हा पाठ लिहीत आहे. दुसऱ्याहि गांवीं असाच प्रश्न निघण्याचा संभव आहे.

नीळ पाण्यांत विरघळत नाहीं

हळद, पळसाचीं फुलें किंवा डाळिंबाची साल पाण्यांत उकळली म्हणजे तिचा रंग पाण्यांत उतरतो. कापड तुरटीच्या पाण्यांतून काढलेलें असलें तर तो त्यास धरूनहि बसतो. निळीची गोष्ट अगदीं वेगळी. निळीची वडी कुटून कढत पाण्यांत टाकली तर पाणी निळें गढूळ होतें, पण रंग विरघळत नाहीं. पुराच्या पाण्यांत माती तरंगते त्याप्रमाणें त्याचे बारीक कण नुसते तरंगत राहतात. अशा पाण्यांत बुडविलेल्या कापडावर ते वरवर चिकटतात आणि पहिल्या धुण्याबरोबर वाहून जातात. तुरटीचा येथें कांहीं उपयोग होत नाहीं. ही एक गोष्ट ध्यानांत धरली म्हणजे पुढील सर्व कृति आपोआप समजते. ही सुटली म्हणजे मनुष्य दिवसभर खपतो आणि झाडास दोष देतो.

हा स्वभाव कोठून आला, हें पाहण्यासाठीं पानापासून आरंभ करूं. निळीचें झाड म्हणजे एक झुडूप, साधारण कमरेइतकें, क्वचित् माणसाच्या उंचीचें. त्याचा पाला बारीक, फुलें लहान व गुलाबी, आणि तें शेंगवर्गांतील असल्यामुळें तूर-हरभऱ्याप्रमाणेंच जमिनीस नत्र देतें. आपल्याकडील जुने लोक ह्याला गुळी असेंहि म्हणत. हिरव्या पानांत निळा रंग मुळींच नसतो. त्यांत इंडिकन नांवाचा बिनरंगी पदार्थ असतो. पानें पाण्यांत भिजत घातलीं म्हणजे पानांतील दुसऱ्या एका द्रव्याच्या योगानें इंडिकन फुटतें. त्यांतील साखर निराळी होते आणि इंडॉक्सिल नांवाचा पदार्थ पाण्यांत उतरतो. ह्या इंडॉक्सिलास हवेंतील प्राणवायु मिळाला म्हणजे त्याचे कण दोन-दोन मिळून एक होतात. तीच नीळ.

म्हणून नीळ करणारे लोक पाला कापल्या दिवशींच हौदांत रचतात, वर जड लांकडें ठेवून तो पाण्याखालीं दाबतात, आणि रात्रभर, म्हणजे दहा-पंधरा तास, तसाच राहूं देतात. मग पिवळसर हिरवें पाणी खालच्या हौदांत सोडतात. तेथें माणसें पाण्यांत उतरून पायांनीं व लांकडी फावड्यांनीं तें दोन-तीन तास सारखें घुसळतात. घुसळल्यानें हवा मिळते. पाणी हिरवें, मग निळें होतें, वर फेस येतो, आणि शेवटीं निळीचे कण तळाशीं बसतात. वरचें पाणी सोडून देतात. खालचा गाळ उकळून, गाळून, दाबून त्याच्या वड्या पाडतात व सावलींत सुकवितात. हिरव्या पाल्याच्या वजनाच्या मानानें हातीं येणारी नीळ शेंकडा एकाहूनहि कमी असते. पाला विकावा कीं नीळ करून विकावी, ह्या विचारांत हें प्रमाण विसरूं नये. भिजवून उरलेला पाला मात्र उत्तम खत होतो. तो विकणारास परत मिळतो कीं नाहीं, हाहि एक प्रश्नच आहे.

हें निळीचें झाड हिंदुस्थानांत पुरातन काळापासून आहे. ग्रीक लोकांनीं ह्या रंगास जें नांव दिलें त्याचा अर्थच मुळीं "हिंदुस्थानचा" असा होतो, आणि इंग्रजी नांव त्यावरूनच निघालें. उलट आपला "नील" शब्द अरबांच्या मुखें पोर्तुगीजांकडे जाऊन "अनिल" झाला. परंतु रंग एका देशाचाच नव्हे. जपानांत दुसऱ्याच एका झाडाच्या पानांपासून, युरोपांत वोड नांवाच्या मोहरीच्या जातीच्या रोपापासून हाच रंग काढीत आले आहेत.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस येथें आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. निर्गमाच्या पुस्तकांत निवासमंडपाच्या पडद्यांसाठीं जें निळें सूत सांगितलें आहे त्याचा इब्री शब्द तखेलेत असा आहे. यहूदी परंपरेप्रमाणें तें सूत समुद्रांतील एका प्राण्याच्या रंगानें रंगवीत. झाडाच्या निळीनें रंगविलेलें सूत त्याच्या जागीं चालत नसे. त्या निळीस ते काला इलान म्हणत, आणि ती फसवेगिरीनें विकणारावर त्यांचा मोठा राग असे. बहुतेक संशोधक आतां तो प्राणी म्हणजे एका जातीचा समुद्री शंख असें मानतात. ह्या शंखाचा रंग स्वभावतः जांभळा असतो. परंतु तो रांजणांत विरघळलेला असतांना त्यावर ऊन पडलें तर त्याच्या कणांतील ब्रोमीन निघून जातें, आणि जें उरतें ती नीळच असते. डोळ्यांनीं पाहून ह्या दोहोंतील भेद कोणास सांगतां आला नसेल, ह्यांत नवल नाहीं.

रांजण

आतां मुख्य कामाकडे येऊं. वडींतील नीळ पाण्यांत विरघळावयाची असेल तर प्राणवायूनें जें काम केलें तें उलटविलें पाहिजे. ह्यास रसायनशास्त्रांत क्षपण म्हणतात. क्षपण झालेली नीळ निळी राहत नाहीं. ती पिवळसर होते, आणि पाण्यांत चुना किंवा खार असला तर विरघळते. ह्या पिवळ्या अवस्थेंतच ती धाग्याच्या आंत शिरते. मग कापड बाहेर काढलें कीं हवा लागून ती धाग्याच्या पोटांतच पुन्हां निळी, म्हणजे न विरघळणारी होते आणि तेथें अडकून पडते. निळीचा रंग पाण्यानें सुटत नाहीं तो ह्यामुळें.

तर मग रांजणांत दोन गोष्टी पाहिजेत: हवेचें काम उलटविणारें कांहींतरी, आणि खार. जुने रंगारी पहिलें काम सूक्ष्म जंतूंकडून करवून घेत, जरी त्यांस जंतु हें नांव ठाऊक नव्हतें. त्या जंतूंस खाद्य लागतें. दक्षिणेंतील निळारी आणि कच्छमध्यें अजरख छापणारे खत्री हे खाद्य म्हणून जें वापरीत आले, तें वाचून मला मोठें आश्चर्य वाटलें. पावसाळ्यांत आपल्या पडीक जमिनींवर व रस्त्यांच्या कडेला जो टाकळा माजतो, ज्याच्या कोंवळ्या पानांची भाजी आपण खातों आणि पुढें ज्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं, त्याच्याच बिया! त्या शिजवून चिकट झाल्या म्हणजे रांजणांत घालतात. कोणी गूळ घालतात, कोणी दोन्ही घालतात.

मातीचा मोठा रांजण गळ्यापर्यंत जमिनींत पुरतात, म्हणजे त्याची ऊब टिकते. नीळ आदल्या रात्रीं भिजत घालून सकाळीं पाट्यावर गंधासारखी वाटावी. बोटांत खर लागतां कामा नये. मग पाणी, विरलेला चुना, सज्जीखार किंवा पापडखार, शिजलेल्या टाकळ्याच्या बिया व वाटलेली नीळ हीं रांजणांत घालून तोंड झांकून ठेवावें. सकाळ-सायंकाळ काठीनें हलक्या हातानें एकदां ढवळावें. उन्हाळ्यांत चार-आठ दिवसांत रांजण "येतो". थंडींत पंधरा दिवसहि लागतात, कारण जंतूंस ऊब पाहिजे. थंडीच्या दिवसांत निळारी रांजणाभोंवतीं भुसा किंवा शेणाच्या गोवऱ्यांची मंद धग ठेवीत.

रांजण आला हें ओळखावें कसें? वर निळा फेस जमतो, पृष्ठभागावर तांब्यासारखी झांक असलेली साय येते. पण ती साय बाजूस सारून पाहिलें तर खालचें पाणी निळें नसतें, पिवळें-हिरवें असतें. पाणी निळेंच दिसलें तर रांजण अजून आलेला नाहीं. वास आंबट येऊं लागला तर चुना कमी पडला आहे असें समजावें, कारण जंतु आपलें खाद्य खातांना आम्ल करितात व चुना त्यास मारीत जातो. उलट चुना फार झाला तर जंतु निजतात आणि काम थांबतें. तेव्हां थोडें खाद्य घालून वाट पाहावी लागते. जुना निळारी हें सर्व नाकानें व जिभेनें ओळखी. जिभेचा प्रयोग मात्र वाचकांनीं करूं नये. आतां पाण्याचा खारेपणा पाहण्याच्या कागदी पट्ट्या अल्प किंमतींत मिळतात. उत्तरेकडे रांजण बिघडला म्हणजे रंगारी गांवांत एखादी खोटी बातमी उठवून देत, म्हणजे तो सुधारतो अशी समजूत होती. तेथें अफवेला "नीळ का माट बिगडना" असा वाक्प्रचारच पडला आहे. खोट्या बातमीपेक्षां मूठभर चुना अधिक गुणकारी असे, हें कोणीं त्यांस सांगितलें नसावें.

ज्यांस इतके दिवस थांबतां येत नाहीं त्यांच्यासाठीं दुसरी रीत आहे. एक भाग नीळ, दोन भाग विरलेला चुना, तीन भाग फळांतील साखर. साखरेऐवजीं अति पिकलेलीं केळीं किंवा खजूर उकळून त्यांचें पाणी चालतें. गुळानेंहि होतें, पण सावकाश. वीस लिटर पाण्यास शंभर ग्रॅम नीळ घेतली तर मध्यम रंगाचा रांजण होतो. पाणी हात क्षणभरच सोसेल इतकें कढत घ्यावें. अर्ध्या तासांत पाण्याचा रंग पालटूं लागतो, परंतु दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवल्यास काम अधिक चांगलें होतें. येथें क्षपणाचें काम जंतु करीत नाहींत. चुन्याच्या पाण्यांत साखरच तें करिते. भांडें मातीचें, पोलादाचें किंवा प्लॅस्टिकचें असावें. ज्यास आपण जर्मनचें भांडें म्हणतों तें घेऊं नये. चुना तें खातो. कळीचा चुना घरीं विरवावयाचा असेल तर मुलें दूर ठेवावीं व चुना पाण्यांत थोडा थोडा घालावा; त्याची वाफ व शिंतोडे डोळ्यांस फार वाईट. शहरांतील रंगारी हायड्रोस नांवाची पूड घालून घटकाभरांत रांजण तयार करितात. त्यानें रंग चांगला येतो, परंतु ती पूड ओलसर जागीं तापून पेटण्याची भीति असते, आणि खेड्यांतील घरांत ती ठेवावी असें मी म्हणणार नाहीं.

आतां आमची चूक सांगतों. पहिला रांजण लावला तेव्हां हौदांत नीळ कशी घुसळतात हें मीं नुकतेंच वाचलें होतें. घुसळल्यानें निळा रंग येतो, मग रांजणहि घुसळला पाहिजे, असा तर्क करून मीं ताक करण्याची मोठी रवी मागविली आणि बायांस बाजूस सारून स्वतः अर्धा तास रांजण घुसळला. पाणी सुंदर निळें झालें. कापड बुडविलें, तें निळेंच बाहेर आलें. बायांस आनंद झाला आणि मला तर त्यांहून अधिक. सायंकाळीं त्या कापडास पाणी लावलें तेव्हां सगळी नीळ मोरींतून वाहून गेली, कापड धुरकट पांढरें राहिलें, आणि त्याबरोबर मंडळीच्या पैशांनीं आणलेली अर्धा किलो नीळहि गेली. मी तो तुकडा घेऊन त्या वृद्ध निळाऱ्याकडे गेलों. त्यानें तो हातांतहि घेतला नाहीं. म्हणाला, "बाबा, रांजणांतून जें निळें निघतें तें निळें राहत नाहीं." पान भिजविल्यावर हवा द्यावयाची असते, रांजणांत हवा चोरावयाची असते, मीं दोन्ही कामें एकच समजलों होतों.

कापड बुडविण्याची खरी रीत अशी. नवें कोरें सुती कापड घेतलें तर त्यांत खळ व मेण असतें. तें धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत तासभर खळखळून उकळावें, पाणी पिवळें होईल तें टाकावें, आणि स्वच्छ पाण्याचा थेंब त्यावर टाकतांच शोषला जाईल तोंपर्यंत हें करावें. रेशीम व लोंकर उकळूं नये. रिठ्याच्या कोमट पाण्यांत हळूच धुवावी. लोंकरीस फार चुना सोसत नाहीं, ती खरखरीत होऊन तुटूं लागते. म्हणून तिला टाकळ्याचा सौम्य, कोमट रांजण बरा. रेशमाचीहि तीच गोष्ट. ताग, अंबाडी, जवस ह्यांचे धागे सुताप्रमाणेंच वागतात, पण ते टणक असल्यामुळें त्यांस उकळणें अधिक लागतें.

कापड पाण्यांत पुरतें भिजवून पिळून घ्यावें, कारण कोरड्या कापडांत हवा असते आणि तीच आपली शत्रु. वरचा फेस एका वाटींत काढून ठेवावा. कापड काठाकाठानें, बुडबुडा न करितां रांजणांत सोडावें. तळच्या गाळास लागूं देऊं नये, नाहींतर डाग पडतात. पाण्याखालींच त्याच्या घड्या उलगडीत दोन ते पांच मिनिटें फिरवावें. मग पाण्याच्या पृष्ठभागापाशींच पिळीत पिळीत बाहेर काढावें. वरून थेंब गळूं दिले तर प्रत्येक थेंबाबरोबर रांजणांत हवा शिरते. बाहेर आलेलें कापड पिवळें-हिरवें दिसेल. तें झटकून उलगडावें आणि मग पाहत बसावें. पहिल्यानें कडा हिरव्या होतात, मग मोरपिशी, मग हळूहळू सर्व कापडभर निळाई पसरते. पंचतंत्रांतील कोल्हा रंगाऱ्याच्या निळीच्या भांड्यांत पडून निळा झाला असें आपण लहानपणीं ऐकलें आहे. रांजण चांगला आलेला असेल तर तो बाहेर पडतांना हिरवाच असला पाहिजे, आणि रानांत पोंचेपर्यंत निळा झाला असेल.

पंधरा-वीस मिनिटें हवा दिल्यावर दुसरी बुडी द्यावी, मग तिसरी. गडद रंग पाहिजे म्हणून एकाच वेळीं दाट निळींत फार वेळ ठेवूं नये. तो रंग वरवर बसतो आणि अंगास, भिंतीस, मुलांच्या गालांस लागत राहतो. पातळ रांजणांतील आठ-दहा बुड्यांचा रंग तेवढाच गडद होतो व टिकतो. फार गडद निळें कापड थोडें घांसलें असतां लागतें हें खरें, कारण रंग धाग्यांत कणरूपानें असतो; परंतु चांगल्या रंगाऱ्याच्या व वाईट रंगाऱ्याच्या कापडांत फार अंतर पडतें. शेवटीं कापड सुकवून, दुसऱ्या दिवशीं चिंचेच्या किंवा लिंबाच्या सौम्य पाण्यांतून काढावें, म्हणजे राहिलेला चुना मरतो, आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावें. रांजण फेंकूं नये. नीळ, चुना व खाद्य घालीत गेल्यास तो महिनेच्या महिने चालतो.

उचल

येथपर्यंत बायांच्या प्रश्नाचें उत्तर झालें. पुरुषांच्या प्रश्नाचें उत्तर रांजणांत नाहीं, बंगालच्या व बिहारच्या शेतांत आहे.

सतराव्या शतकांत आग्र्याजवळील बयाना व गुजरातेंतील सरखेज येथील नीळ युरोपांत जात असे. अठराव्या शतकाच्या शेवटीं हा व्यापार बंगाल्यांत वाढला, व गोऱ्या मळेवाल्यांनीं जागोजाग कोठ्या घातल्या. ह्याच काळांत, म्हणजे १७९३ सालीं हिंदुस्थानांत आलेले विल्यम केरी हे १७९४ पासून कांहीं वर्षें मदनाबती येथील निळीच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. त्या पगारावर त्यांचें घर चाले व भाषांतरहि चाले. पुढें श्रीरामपुराहून १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८११ सालीं मराठी नवा करार ज्यांनीं छापून काढला ते हेच. आपल्या हातीं आलेल्या पहिल्या छापील नव्या कराराच्या मागें निळीचा थोडा पैसा आहे, ही गोष्ट झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

बंगाल्यांतील पद्धति अशी होती. मळेवाला शेतकऱ्यास कांहीं रक्कम आगाऊ देई. तिला दादन म्हणत. आपण उचल म्हणतों तीच ही. ती घेतली कीं शेतकऱ्यानें आपल्या चांगल्या जमिनींत भाताऐवजीं नीळ लावली पाहिजे, आणि पाला मळेवाल्यास, त्यानें ठरविलेल्या भावानें, त्यानेंच मोजलेल्या मापानें दिला पाहिजे. भाव इतका कमी असे कीं उचल फिटत नसे. बाकी वहींत पुढें ओढली जाई, आणि बापाची बाकी मुलाच्या नांवें चढे. नाहीं म्हणणारास लाठी, कोठडी व घराची जाळपोळ. १८५९ सालीं नदिया जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं नीळ पेरावयाची नाहीं असा निश्चय केला, आणि तो पाहतां पाहतां जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला. १८६० सालीं सरकारास चौकशीमंडळ नेमावें लागलें.

त्याच वर्षीं दीनबंधु मित्र ह्यांचें नीलदर्पण हें बंगाली नाटक निघालें. चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री जेम्स लाँग ह्यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर १८६१ सालीं प्रस्तावना लिहून प्रसिद्ध केलें. मळेवाल्यांनीं त्यांजवर अब्रुनुकसानीचा खटला भरला. जुलै महिन्यांत कलकत्त्यास निकाल झाला: एक महिन्याची कैद व एक हजार रुपये दंड. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह ह्या बंगाली गृहस्थांनीं तेथल्या तेथें भरली; कैद लाँगसाहेबांनीं भोगली. लाँगसाहेबांनीं स्वतः नाटक लिहिलें नव्हतें, मळा पाहून कोणास शिवी दिली नव्हती. शेतकरी आपल्या भाषेंत काय बोलतो, एवढें त्यांनीं राज्यकर्त्यांच्या भाषेंत आणलें.

बंगाल्यांतून मळेवाले बिहाराकडे वळले. चंपारण्यांत बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकीं तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची सक्ति होती, तिला तीनकठिया म्हणत. इतक्यांत जर्मनींतून दुसरेंच संकट आलें. आडोल्फ फॉन बायर ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८८३ सालीं निळीच्या कणाची रचना ठरविली, आणि १८९७ सालीं बी. ए. एस. एफ. ह्या कारखान्यानें कृत्रिम नीळ विक्रीस आणली. त्या वर्षीं झाडांपासून सुमारे १९,००० टन नीळ निघाली होती. १९१४ सालीं ती सुमारे १,००० टनांवर आली. नीळ बुडाली म्हणून शेतकरी सुटला असेल असें कोणास वाटेल. तसें झालें नाहीं. मळेवाल्यांनीं, "तुम्हांस निळींतून मोकळें करितों, त्याबद्दल खंड वाढवून द्या, नाहींतर एकरकमी पैसे भरा," असें म्हणून तोटा त्याच्याच माथीं मारला. एप्रिल १९१७ मध्यें गांधीजी चंपारण्यांत गेले, हजारों शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. सरकारनें समिति नेमली, मळेवाल्यांनीं घेतलेल्या एकरकमी पैशांतील शेंकडा पंचवीस परत करण्याचें ठरलें, आणि १९१८ च्या कायद्यानें तीनकठिया बंद झाली.

आज कोणी लाठी घेऊन नीळ लावण्यास येत नाहीं. जगांतील बहुतेक निळें कापड, विशेषतः तरुण मंडळींच्या जाड निळ्या विजारी, कारखान्यांतील कृत्रिम निळीनेंच रंगते. झाडाची नीळ तामिळनाडूंत तिंडिवनमच्या बाजूस व इतर कांहीं ठिकाणीं अजून होते, आणि तिला बरी किंमत देणारे लोक आहेत. ह्यांत एक अडचण आहे. दोहोंतील मुख्य रंग अगदीं एकच. झाडाच्या निळींत बाकी कांहीं द्रव्यें असतात, पण कापड पाहून गिऱ्हाइकास तें कळत नाहीं. म्हणून झाडाची नीळ विकणाऱ्याचा सर्व धंदा त्याच्या शब्दावर चालतो, आणि लबाडास येथें वाव मोठा आहे.

मीं उपदेशकांस लिहिलेलें उत्तर थोडक्यांत असें होतें. उचल घेऊं नये. बीं हवें तर विकत घ्यावें. पाल्याचा भाव वजनावर, पेरणीपूर्वीं, कागदावर ठरवावा, आणि काटा गांवांत असावा. पाऊस गेला तर बियांचें नुकसान कोणाचें, हें त्याच कागदांत असावें. पाला दुसऱ्यास विकण्याची मोकळीक असावी. जोंधळ्याची जमीन निळीस देऊं नये. हे प्रश्न मीं शोधून काढलेले नाहींत. बंगालच्या शेतकऱ्यास जेथें जेथें टोंचलें तेथून ते घेतले आहेत.

व्यापाऱ्यास कागद आवडला नाहीं. तो पुन्हां आला नाहीं. दोन कुटुंबें ह्यावरून माझ्यावर रुष्ट झालीं, कारण त्या पैशांतून त्यांस मुलीच्या लग्नाचें देणें फेडावयाचें होतें, आणि त्यांचें रुष्ट होणें अगदींच अयोग्य होतें असें मला म्हणवत नाहीं. बाकीच्यांनीं मिळून पांच गुंठे नीळ लावली. पहिल्या कापणीच्या पाल्याची त्यांनीं एका जुन्या सिमेंटच्या टाकींत नीळ केली. ती फार थोडी निघाली व तींत मातीहि आली. दुसऱ्या कापणीची बरी होती. पाण्याची टाकी उंचावर असावी म्हणजे खालीं सोडणें सोपें जातें, हें त्यांस तेव्हां कळलें.

रांजण त्यांनीं चुलीमागच्या भिंतीपाशीं पुरला आहे. रवी तेथें नेण्यास मला मनाई आहे. पौषाच्या थंडींत तो निजला होता, म्हणून त्यांनीं त्याभोंवतीं भाताचा कोंडा भरला. आतां पुन्हां साय धरूं लागला आहे. टाकळ्याच्या बिया त्यांनीं मार्गशीर्षांतच गोळा करून दोन गाडगीं भरून ठेविल्या आहेत. ज्यांस बिया पाहिजे असतील त्यांनीं विकत मागवूं नयेत. आपल्याच बांधावर पाहाव्या.